देवासमोर नीतिमान ठरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या बायबल अभ्यासाला येणारी मंडळी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथं क्रमांक दिला आहे. कंसातले संदर्भ उघडून वाचाच. माझ्या शब्दापेक्षा तिथल्या शब्दाला वजन आहे.

१. देवासमोर नीतिमान म्हणजे सज्जन माणूस, एवढंच ना?

सज्जनपणा त्यात येतो, पण तो मागाहून येतो. बायबल ही गोष्ट आधी न्यायालयाच्या भाषेत मांडतं. दोघांचा वाद आला तर न्यायाधीशाने निर्दोषाला निर्दोष ठरवावं आणि दोषीला दोषी, असं मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलं आहे (अनुवाद २५:१). निकाल न्यायाधीशाने द्यायचा असतो. तो आरोपीला स्वतःचा स्वतः देता येत नाही आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही देता येत नाही. ज्याच्यापुढे काहीच लपत नाही त्या देवाने 'या माणसावर आता कसलाही आरोप नाही, हा माझा आहे' असं म्हणणं, म्हणजे देवासमोर नीतिमान ठरणं. लोकांनी दिलेलं चांगुलपणाचं सर्टिफिकेट त्या दरबारात चालत नाही. लोकांनी केलेली बदनामीही तिथं चालत नाही, आणि ज्यांच्यावर गावाने शिक्का मारला आहे त्यांनी हे दुसरं वाक्य मनात धरून ठेवावं.

२. मी चोरी केली नाही, कुणाला फसवलं नाही, दारूला शिवत नाही. तरी मला पापी का म्हणता?

ही यादी खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. पण सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूने न करायच्या गोष्टी मोजून दाखवल्या नाहीत. देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, असं तो म्हणाला (मत्तय २२:३७-३९). आता या मापाने कालचा एकच दिवस पाहा. जमिनीच्या वाटणीवरून भावाचा फोन आला तेव्हा मनात काय आलं? घरकामाला येणाऱ्या बाईंनी पगारातली उचल मागितली तेव्हा तोंडातून काय निघालं? डोंगरावरील प्रवचनात येशू खुनाच्या मुळाशी असलेला राग आणि व्यभिचाराच्या मुळाशी असलेली नजर उघडी करतो (मत्तय ५:२१-२८). सर्वांनी पाप केलं आहे असं प्रेषित पौल, नव्या करारातल्या अनेक पत्रांचा लेखक, लिहितो (रोम ३:२३), तेव्हा तो स्वतःलाही त्यात धरतो. आणि नियमशास्त्र पाळण्याच्या बाबतीत आपल्यात दोष काढायला जागा नव्हती, असं सांगू शकणारा हा माणूस होता (फिलिप्पै ३:६).

३. मग माणूस नीतिमान ठरतो तरी कसा?

विश्वासाने. पौल यासाठी अब्राहामाला साक्षीला उभा करतो. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहाम म्हातारा झाला आहे, पदरी मूल नाही, आणि आता घरच्या चाकराला, दिमिष्कच्या अलियेजरालाच सगळं जाणार असं तो देवाला बोलून दाखवतो. देव त्याला बाहेर नेतो. तारे मोजता आले तर मोज, म्हणतो. तुझी संतती इतकी होईल. यावर अब्राहाम काय करतो? हातांनी काहीच नाही. तो बोलणाऱ्यावर भरवसा ठेवतो, आणि देव तो भरवसा त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून धरतो (उत्पत्ती १५:६).

पुढे पौल या घटनेचा काळ तपासायला लावतो, आणि मला त्याचा हा मुद्दा फार आवडतो. इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता (१६:१६) आणि ताऱ्यांची ती रात्र त्याच्या आधीची. सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता (१७:२४). म्हणजे विधी व्हायच्या निदान १३ वर्षं आधी देवाने त्याला नीतिमान म्हटलं होतं. नियमशास्त्र तर वचनानंतर ४३० वर्षांनी आलं (गलती ३:१७). जे अजून झालंच नव्हतं त्याच्या जोरावर अब्राहाम नीतिमान ठरला, असं कुणालाच म्हणता येत नाही (रोम ४:९-१२).

४. देव न्यायी आहे, तर दोषीला निर्दोष कसा ठरवतो? आपल्याकडे असा न्यायाधीश असता तर आपण मोर्चा काढला असता.

काढायलाच हवा होता. नीतिसूत्रांत लिहिलं आहे की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि निर्दोषाला दोषी ठरवणारा, या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे (१७:१५). आणि पौल मात्र देवाला 'अभक्ताला नीतिमान ठरवणारा' म्हणतो (रोम ४:५)! मग देवाने स्वतःच्याच नियमाला बगल दिली का?

रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल या अडचणीला थेट भिडतो. देवाने पापाकडे नुसता काणाडोळा केला असता, तर ज्यांनी ते पाप सोसलं त्यांना त्याने वाऱ्यावर सोडलं असतं. जिच्यावर अत्याचार झाला त्या मुलीला 'देव क्षमाशील आहे' एवढं सांगून भागत नाही. तिच्यावर झालेल्या अन्यायाला कुणीतरी अन्याय म्हणावं लागतं. वधस्तंभावर तसं म्हटलं गेलं. पापाचा निकाल लागला, आणि त्याचा भार देवाने आपल्या पुत्रामध्ये स्वतःच उचलला. म्हणून देव स्वतः नीतिमान राहून येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो (रोम ३:२६). पतसंस्थेच्या चेअरमनने थकबाकीदाराच्या खात्याचं पान फाडून टाकलं तर तो घोटाळा. त्याने स्वतःच्या खिशातून रक्कम भरून पावती दिली, तर खातं खरोखर बेबाक झालं.

इथं एक गैरसमज नेहमी डोकावतो: रागावलेला बाप, आणि मध्ये सापडलेला बिचारा निरपराध मुलगा. तसं चित्र बायबल रंगवत नाही. ख्रिस्ताच्या ठायी देव जगाचा स्वतःशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९), आणि माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपणहून देतो, असं येशूने आधीच सांगितलं होतं (योहान १०:१८).

५. विश्वास म्हणजे मनाला पटणं का? मला तर लहानपणापासून सगळं पटलेलंच आहे.

देव एक आहे हे भुतांनाही पटलेलं आहे आणि ती थरथर कापतात, असं याकोब लिहितो (२:१९). पटणं लागतंच, पण त्यापुढे भरवसा लागतो: स्वतःच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद मागे घेऊन ख्रिस्तावर टेकणं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण महाराष्ट्राला परकं नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. विद्वत्ता होती, सेवेची तळमळ होती, शिकवण बुद्धीला पटली होती. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना मात्र त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अंतःकरणाला शांती मिळायला पुढची काही वर्षं जावी लागली, आणि ती मिळाली ती आपल्या लायकीचा विचार सोडून, आहे तसं स्वतःला त्याच्या हाती दिल्यावर. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांनी ही साक्ष जरूर वाचावी.

'माझा विश्वास फार तोकडा आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी: आजारी मुलाला घेऊन आलेल्या त्या बापाने 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा' अशी अर्धवट प्रार्थना केली (मार्क ९:२४), आणि त्याचा मुलगा बरा झाला. आपण ख्रिस्तामुळे तारले जातो, विश्वासाच्या वजनामुळे नव्हे.

६. परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यात परूशाचं चुकलं काय? तो तर उपास करायचा, दशांश द्यायचा.

परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी गटातला माणूस, आणि जकातदार म्हणजे रोमी सरकारसाठी कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी. येशूच्या या दाखल्यात दोघंही मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशाच्या दोन्ही गोष्टी चांगल्या, आणि तो खोटंही बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास आणि मिळकतीचा दहावा भाग, आजही कुठल्या मंडळीत असा सभासद मिळाला तर पंचकमिटी त्याला खजिनदार करेल. शिवाय त्याची प्रार्थना 'देवा, मी तुझे आभार मानतो' अशी सुरू होते. मग घसरली कुठं? त्याची नजर कुठं आहे ते पाहा. मंदिरात देवासमोर उभा राहून तो पलीकडच्या माणसाकडे बघतोय. 'ह्या जकातदारासारखा मी नाही.' त्याने देवाकडे काही मागितलंच नाही, कारण त्याच्या मते त्याला कशाची गरज नव्हती.

जकातदार लांब उभा आहे. डोळे वर उचलायचंही त्याला धाडस होत नाही. छाती बडवत तो म्हणतो, 'देवा, मज पाप्यावर दया कर.' आणि तो नीतिमान ठरून घरी गेला, असं येशू सांगतो (लूक १८:९-१४). घरी जाईपर्यंत त्याने एकही उपास केलेला नाही, एकाचेही पैसे परत केलेले नाहीत. परतफेडीचं काय, ते प्रश्न १६ मध्ये.

हा दाखला ऐकून 'बरं झालं, मी त्या परूशासारखा नाही' असं मनात आलं तर दाखला पुन्हा पहिल्यापासून वाचा.

७. पौल म्हणतो कर्मांवाचून, याकोब म्हणतो केवळ विश्वासाने नाही. खरं कुणाचं?

रोम ३:२८ आणि याकोब २:२४ शेजारी शेजारी ठेवले की धक्का बसतो, हे खरं आहे. त्यात दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पण कुठला प्रसंग ते बघा. पौल उत्पत्ती १५ वर बोट ठेवतो, ताऱ्यांच्या रात्रीवर. याकोब येतो उत्पत्ती २२ वर, इसहाकाला वेदीवर ठेवलं त्या दिवसावर. दोहोंच्या मध्ये कित्येक वर्षं गेली आहेत. जो मुलगा तेव्हा नुसतं वचन होता तो आता लाकडं वाहण्याइतका मोठा झाला आहे. देवाने आधी जे म्हटलं होतं ते डोंगरावर दिसून आलं, असं याकोब सांगतो, आणि उत्पत्ती १५:६ तो स्वतःही उद्धृत करतो (२:२३).

दोघांसमोरचे ऐकणारेही वेगळे. विधी आणि नियम पाळून आपण देवाला ऋणी करतो असं मानणाऱ्याशी पौल बोलतो. उघड्यानागड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' असा कोरडा आशीर्वाद देणाऱ्याशी याकोब बोलतो (२:१५-१६). पौलाला विचारलं असतं तर त्या दुसऱ्या माणसाला त्यानेही हेच सुनावलं असतं. प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास हवा, हे त्याचंच म्हणणं आहे (गलती ५:६).

८. मेंढरं आणि शेरडांच्या न्यायात तर भुकेल्याला अन्न दिलं की नाही यावरच निकाल लागतो. मग विश्वास कुठं गेला?

शेवटच्या न्यायाच्या त्या प्रसंगात (मत्तय २५:३१-४६) मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसं येशू लोकांना वेगळं करतो. तिथं नीतिमानांचं उत्तर ऐका: 'प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं?' त्यांना आठवतच नाही. पुण्य जमा करायला म्हणून ते करत असते, तर वही घेऊनच उभे राहिले असते. देवाशी नातं जुळलेल्या माणसाच्या हातून जे सहज घडत गेलं, त्याची ती साक्ष आहे. पण हा उतारा मऊ करून वाचू नका. तुरुंगातल्याला भेटायला कधीच जावंसं वाटत नसेल, तर आपल्या विश्वासाबद्दल प्रश्न ७ मधल्या याकोबाचा इशारा आपल्यासाठीच आहे.

९. नीतिमान ठरल्यावर मोठं पाप झालं तर? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात?

दावीद राजाने बथशेबेला बोलावून घेतलं, आणि ते झाकण्यासाठी तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत सर्वांत पुढे उभं करायला लावून मारवलं. त्या हुकुमाची चिठ्ठी उरीयाच्याच हाती पाठवली होती (२ शमुवेल ११:१४-१५). याहून नीच काय असतं? नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर दावीद म्हणाला, 'मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे,' आणि तुझं पाप दूर केलं आहे, असं त्याला त्याच बैठकीत सांगितलं गेलं (१२:१३). ज्याच्या पापाची क्षमा झाली तो धन्य, हे ३२वं स्तोत्र दाविदाच्या नावावर आहे, आणि पौल नीतिमान ठरण्याबद्दल लिहिताना तेच उद्धृत करतो (रोम ४:६-८).

पण त्याच अध्यायात पुढे मूल दगावतं आणि तलवार दाविदाच्या घरातून हटत नाही. क्षमा झाली म्हणून परिणाम टळत नाहीत. ज्याने मंडळीचे पैसे खाल्ले त्याला देवाने क्षमा केली असेल. तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे लगेच परत द्यायला कुणी बांधील नाही. पाप पदरी घेतलं तर देव विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करतो (१ योहान १:९). सुरुवात पुन्हा करायची नसते, परत फिरायचं असतं.

१०. सगळं माफच होणार असेल तर वाटेल तसं वागायला मोकळीकच मिळाली की!

पौलालाही हा टोमणा ऐकावा लागला होता. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? मुळीच नाही, पापाला जे मेले ते त्यातच कसे जगतील? (रोम ६:१-२). क्षमेचा असा हिशेब मांडणाऱ्याला अजून क्षमा नको आहे, सवलत हवी आहे.

११. घरच्या विरोधामुळे माझा बाप्तिस्मा झालेला नाही. मी नीतिमान नाही का?

वधस्तंभावरच्या चोराला ना बाप्तिस्मा मिळाला, ना एक रविवार. आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं येशूने त्याला सांगितलं (लूक २३:४३). कर्नेल्य या रोमी सैन्याधिकाऱ्याच्या घरी तर पेत्राचं बोलणं संपण्याआधीच पवित्र आत्मा उतरला आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला (प्रेषितांची कृत्ये १०:४४-४८). मात्र पेत्राने 'आत्मा मिळालाच आहे, आता पाणी कशाला' असं म्हटलं नाही; त्याने तिथंच बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. तेव्हा अडलेल्याने घाबरू नये, आणि न अडलेल्याने टाळू नये. घरात वयस्कर आईवडील असतील तर घाईने तोडून टाकण्यापेक्षा पाळकांशी बोलून वाट काढा.

१२. माझं माहेर नगरकडचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक. या विषयावर दोन्हीकडे वेगळं शिकवतात का?

मुळाशी जितकं वेगळं वाटतं तितकं नाही. १६व्या शतकात ल्यूथरने शिकवलं की ख्रिस्ताचं नीतिमत्त्व विश्वासाने आपल्या नावे धरलं जातं. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने उत्तर दिलं की नीतिमान ठरण्यात पापक्षमेबरोबर माणसाचं आतून नवं होणंही येतं. ते वाढू शकतं, गंभीर पापाने हरवू शकतं आणि प्रायश्चित्त संस्काराने परत मिळू शकतं. तिथून चार शतकं एकमेकांना शाप देण्यात गेली.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आमच्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आम्हाला स्वीकारतो आणि सत्कर्मांसाठी आमची मनं नवी करतो, हे दोघांनी मिळून कबूल केलं. पुढे २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. कन्फेशन, पुण्य, शुद्धिस्थान यांवरचे मतभेद उरलेच आहेत. पण सासूबाईंबरोबर मिस्साला बसताना तुम्ही परक्या देवासमोर बसत नाही.

१३. ख्रिस्ताच्या आधीच्या लोकांना बायबल नीतिमान म्हणतं. नोहा, ईयोब, जखऱ्या. ते निष्पाप होते का?

नव्हते. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला होता. जखऱ्याचं तर पाहण्यासारखं आहे: लूक त्याला आणि त्याची बायको अलीशिबा हिला, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या आईवडिलांना, देवाच्या दृष्टीने नीतिमान म्हणतो (१:६), आणि त्याच अध्यायात जखऱ्या देवदूताच्या शब्दावर विश्वास न ठेवल्यामुळे मुका होतो (१:२०). तरीही लूक आपलं आधीचं वाक्य मागे घेत नाही. ही माणसं देवाच्या वचनाला धरून चालणारी होती, आणि त्यांच्या पापाचा निकालही वधस्तंभावरच लागला (रोम ३:२५, प्रश्न ४).

१४. माझ्या आजी-आजोबांनी येशूचं नावही नीट ऐकलं नव्हतं. विठ्ठलाची वारी करत गेले. त्यांचं काय?

हा प्रश्न विचारताना अनेकांचा गळा दाटून येतो, आणि त्याला ठोकळेबाज उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. तारण ख्रिस्तामुळेच आहे, हे मी मानतो आणि सांगतो. पण एखाद्या माणसाचा शेवटचा निकाल जाहीर करायचा अधिकार माझ्याकडे किंवा कुठल्या पाळकाकडे नाही. 'सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?' असं अब्राहामाने देवालाच विचारलं होतं (उत्पत्ती १८:२५), आणि मी तिथं थांबतो. ज्यांच्याकडे नियमशास्त्र नव्हतं त्यांच्या विवेकाच्या साक्षीबद्दल पौल रोम २:१४-१६ मध्ये लिहितो. कॅथलिक शिकवण याबाबत जास्त आशेने बोलते, काही प्रोटेस्टंट मंडळ्या जास्त कडक बोलतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आजीने शिकवलेली देवाची ओढ फेकून द्यायची गोष्ट नाही.

१५. सगळं समजतं, पण आतून नीतिमान वाटतच नाही. जुनं सगळं रात्री आठवत राहतं.

निकाल तुमच्या वाटण्यावर लागलेला नाही. आपलं मन आपल्याला दोष देत असेल, तर देव आपल्या मनाहून थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे (१ योहान ३:२०). जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही (रोम ८:१). रात्री आठवण आली की ती देवासमोर नाव घेऊन सांगा, आणि शक्य असेल तर विश्वासातल्या एका माणसालाही सांगा. एकट्याने उगाळलेलं पाप फुगत जातं. झोप महिनोन् महिने उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

१६. मी एका माणसाचे पैसे बुडवले होते. देवाची क्षमा मिळाली, पण तो माणूस आता हयात नाही. काय करू?

जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करीन म्हटलं (लूक १९:८). येशू त्याच्या घरी आधी आला, पैसे नंतर निघाले. क्रम तोच, पण पैसे निघाले. माणूस गेला असेल तर काय करायचं, हे गणना ५:६-८ मध्ये दिलं आहे: पाप पदरी घ्यायचं, पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा घालून द्यायचा; देणं घ्यायला तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, आणि नातलगही नसेल तर ते परमेश्वराचं म्हणून याजकाला.

आपण मोशेच्या नियमाखाली नाही, पण वाट हीच धरता येते. आधी वारस शोधा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली असली तरी वारस तीच आहे. रक्कम त्या काळची न देता आजच्या मोलाने द्या, आणि कशाचे पैसे ते स्पष्ट सांगा. 'तुमच्या वडिलांचे राहिले होते' अशी गोड थाप मारू नका. मात्र सांगितल्याने तिच्या वडिलांबद्दलचं एखादं गुपित उघड होत असेल, तर आधी पाळकांचा सल्ला घ्या. वारस सापडलाच नाही तर तितकी रक्कम गरजूंना द्या, आणि देणगीच्या पाटीवर स्वतःचं नाव लावू देऊ नका.